स्वतःच्या नावाचा उखाणा

प्रश्न : वय ४९. बी. ए. झालेली आहे, लग्नानंतर नोकरी केली नाही. मुलगी बंगळूरला नोकरीला, मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला. गेल्या महिन्यात सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला उठले, पण चेहरा तापला, घाम फुटला, छातीत धडधडायला लागलं आणि तोंडातून शब्द निघेना. यजमानांनी हाताला धरून खाली बसवलं आणि ‘राहू दे, मी सांगतो’ म्हणून तेच बोलले. तेव्हापासून चार माणसांत जावंसं वाटत नाही. रात्री झोप लागत नाही, बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड होते. तीन दिवसांचं व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर आहे, फी आठ हजार. करावं का? या वयात स्वभाव बदलतो का?

उत्तर :

ताई, ते आठ हजार सध्या तुमच्याकडेच राहू द्या. त्यातले थोडे आधी डॉक्टरांवर आणि रक्ततपासणीवर खर्च करा. बावीस वर्षं मी मिरज-सांगली भागात चाळिशी-पन्नाशीच्या बायकांचे गट घेते आहे. पहिल्या भेटीत मी विचारते, ‘झोप कशी आहे आणि पाळीचं काय चाललंय?’ बायका चमकतात. व्यक्तिमत्त्वाचं विचारायला आलो आणि या पाळीचं काय काढतात, असं त्यांना वाटतं.

तुम्ही सभेतला प्रसंग एकीकडे लिहिला आहे आणि झोप नाही, चिडचिड होते हे दुसरीकडे. मला यातला बराच भाग एकाच मुळातून आल्याचा दाट संशय आहे. आपल्याकडे बायकांची पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षाच्या आसपास थांबते. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं मानतात, पण त्याच्या आधीची काही वर्षं इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची पातळी खाली-वर होत असते. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी जी जागा आहे, ती या काळात फार हळवी होते. जराशी उष्णता वाढली तरी ती अंग थंड करायला धावते. मग चेहरा लाल होतो, मानेवर घाम येतो, धडधडतं आणि काही मिनिटांत ओसरतं. आपल्याकडच्या बायका याला ‘वाफा येणं’ म्हणतात. रात्री हेच होतं तेव्हा झोप मोडते, आणि पाच-सहा रात्री झोप मोडली की ऐन वेळी शब्द आठवत नाहीत, दूध उतू गेलं तरी रडू येतं.

आता सभेतला प्रसंग पुन्हा आठवून बघा. दाटीवाटीनं बसलेली माणसं, उकाडा आणि पोटात थोडी धास्ती. वाफा यायला आणखी काय लागतं? भीती नव्हतीच असं मी म्हणत नाही. पण तुम्ही त्या दोन-चार मिनिटांचा सगळा दोष स्वतःच्या व्यक्तिमत्त्वावर टाकून मोकळ्या झालात. असं करणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत.

म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि रक्तदाब बघायला सांगा. हिमोग्लोबिन १२च्या खाली असेल तर तो रक्तक्षय, म्हणजे अ‍ॅनिमिया आहे. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींना तो आहे, असं २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. थायरॉइड कमी असलेली बाई ‘मी आळशी झाले, मला कशात रस नाही’ म्हणत माझ्याकडे येते आणि गोळी सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत तिचा चेहरा बदलतो. पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्तस्राव झाला, तर मात्र एक दिवसही थांबू नका. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत उदास वाटत असेल, जगणं नकोसं होत असेल, तर ते काम शिबिराचं नाही आणि माझंही नाही; मनोविकारतज्ज्ञांकडे जायचं. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर कुठल्याही वेळी मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

डॉक्टरांकडे जाताना एक अभ्यास देते. तिथल्या खुर्चीत बसल्यावर डॉक्टर विचारतात, ‘काय त्रास होतो?’ आणि उत्तर शेजारी बसलेले यजमान देतात. ‘हिला झोप नसते, फार चिडचिड करते.’ हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे. तुम्ही या वेळी एकट्या जा, किंवा यजमान बरोबर असतील तर आधीच सांगा की उत्तरं मी देणार. घरून कागदावर लिहून न्या : कधीपासून, किती वेळा, काय होतं. तुमचा व्यक्तिमत्त्व विकास त्या दवाखान्यात सुरू होतो असं मी मानते.

हे मला सुरुवातीपासून कळलं होतं असं नाही. पहिली चार-पाच वर्षं मीही तेच शिकवायचे जे बहुतेक शिबिरांत शिकवतात. ताठ उभं कसं राहायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून कसं बोलायचं, साडीच्या रंगाला काय शोभतं, इंग्रजीतून ओळख कशी करून द्यायची. शेवटच्या दिवशी टाळ्या, प्रमाणपत्रं, फोटो. एकदा असंच शिबिर संपल्यावर एक बाई मागे थांबल्या. म्हणाल्या, ‘बाई, इथं मी छान बोलले. पण घरी गेल्यावर मला विचारतंय कोण?’ मला उत्तर देता आलं नाही. त्यांना बोलायला शिकवताना ज्या गोष्टींत त्यांचं मत मोजलं जाईल त्यांना मी हातच लावला नव्हता. तो दोष माझ्या शिकवण्यातला होता.

त्यानंतर गटाची पहिली बैठक मी उखाण्यानं सुरू करायला लागले. आता जरा विचार करा. तुम्हाला चार माणसांत बोलता येत नाही म्हणता, पण हळदीकुंकवाला, मंगळागौरीला, मुंजीत-लग्नात शंभर माणसांसमोर तुम्ही उखाणा घेतला असेल. यमक जुळवून, आवाज लावून, योग्य जागी थांबून. आपल्या पिढीतल्या बहुतेक मुलींना भरल्या घरात मोठ्यानं बोलायचं जे एकच शिक्षण मिळालं, ते हे. आवाज तयारच असतो. फक्त तो ज्या नावासाठी तयार केला ते नाव दुसऱ्याचं असतं. म्हणून मी सांगते : उखाणा घ्या, आणि त्यात नाव स्वतःचं घ्या. यजमान, मुलं, सासर यांचा उल्लेख नको.

खोली एकदम शांत होते. ज्या बाया तालात पाच-सहा उखाणे म्हणून दाखवतात, त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसतात. एकदा दहा मिनिटं कोणी बोललं नाही. मग कोपऱ्यातल्या एक बाई उठल्या, पंचावन्नच्या असतील, हातात पाटल्या आणि दुखऱ्या गुडघ्यामुळे एका पायावर भार दिलेला.

‘कृष्णाकाठची काळी माती, ऊस डोलतो रानात,
सातवीपर्यंत पहिला नंबर, अजून आहे ध्यानात…’

आणि त्यांनी नाव घेतलं ते माहेरचं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, त्याआधीचं. गटातल्या त्यांच्या शेजारीणबाई वीस वर्षं एकाच गल्लीत राहात होत्या. त्यांनाही ते नाव माहीत नव्हतं. खाली बसल्यावर त्या बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसत होत्या. पुढच्या बैठकीला हजेरीच्या वहीत त्यांनी ते नाव कंसात लिहिलं होतं.

हे तुम्ही घरी करून बघा. दोन ओळी लिहा, आणि आरशासमोर नको, एखाद्या मैत्रिणीसमोर मोठ्यानं म्हणा. सहज जमेल असं समजू नका.

आता पैशाकडे येते, कारण आवाजाचा आणि पासबुकाचा संबंध फार जवळचा आहे. सभेत पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला उठलेल्या बाईच्या मनात ‘मी कोण विचारणारी?’ हा प्रश्न तळाशी असतो. तेव्हा बघा, फ्लॅट कुणाच्या नावावर आहे? सोसायटीच्या भागप्रमाणपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) तुमचं नाव आहे का? नसेल तर सहयोगी सदस्य म्हणून नाव लावता येतं का हे सचिवांना विचारा. कार्यकारिणीत महिलांसाठी राखीव जागा असतात. त्यावर बसलेल्या बायकांना सभेची विषयपत्रिका वाचायला मिळते की नुसती सही करायला वही येते, हेही विचारा.

आणि बँकेत जा. माझ्या गटातल्या ५२ वर्षांच्या एक बाई, त्यांच्या नावावर अठरा वर्षं खातं होतं, पण एटीएम कार्ड यजमानांच्या पाकिटात. मी म्हटलं, या आठवड्यात स्लिप भरून पाचशे रुपये काढून आणा. त्या गेल्या. काउंटरवरच्या मुलीनं सही बघितली, संगणकावरची नमुना सही बघितली आणि मान हलवली : जुळत नाही. मागे रांग. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथल्या अधिकाऱ्यानं समजावून सांगितलं की आधार कार्ड आणि फोटो घेऊन या, नवी नमुना सही देता येईल. घरी येऊन त्यांनी नातवाच्या चौरेघी वहीत दोन पानं सही गिरवली. ती पानं मी पाहिली आहेत. वरच्या ओळींत अक्षरं सुटी सुटी, शाळेतल्या मुलीसारखी, प्रत्येक वेलांटी जपून दिलेली. दुसऱ्या पानाच्या तळाशी आडनावाचं शेवटचं अक्षर एका झटक्यात खाली ओढलेलं आणि त्याखाली रेघ. तीच सही त्यांनी बँकेत दिली. महिन्याभरानं त्यांनी घरात सांगितलं की दिवाळीच्या खरेदीतले पाच हजार मी माझ्या खात्यातून, माझ्या मनानं करणार. कुणाला न दुखवता, पण विचारलं नाही, सांगितलं.

बोलण्याचा आणि हिशेबाचा हा संबंध आपल्याच भागात मोठ्या प्रमाणावर दिसला आहे. साताऱ्यातल्या माण तालुक्यात, म्हसवडला, चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला. कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका दिवसभर रानात राबून रात्री अक्षरं शिकल्या. पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्यावर त्यांनी सांगितलं की आम्हाला वाचता येत नव्हतं तरी व्याज तोंडी काढता येतं, तुम्ही रक्कम सांगा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. मोठ्या अधिकाऱ्यापुढे त्या बायका बोलू शकल्या, कारण समोरचा विषय त्यांच्या हातातला होता. पाण्याची टाकी तुमच्या हातातली आहे, ताई. त्या टाकीचं पाणी रोज तुम्ही भरता, गढूळ आलं तर पहिल्यांदा तुम्हाला दिसतं.

यजमानांबद्दल थोडं. त्यांनी हात धरून बसवलं ते तुम्हाला टोचलं आहे, आणि ते टोचायलाच हवं. पण माझ्या अनुभवात असे बहुतेक पुरुष दुष्टपणानं तसं करत नाहीत. पंचवीस वर्षं बाहेरचं बोलणं त्यांनी करायचं आणि तुम्ही ते त्यांच्यावर सोडायचं, ही दोघांची मिळून पडलेली सवय असते. ती मोडताना आधी सांगावं लागतं, नाहीतर समोरच्याला तो अपमान वाटतो. शांत वेळ बघून बोला. ‘सभेत मी अडखळले तरी चालेल, मला पुरं बोलू द्या’, एवढंच म्हणा. मग रोजच्या जागा पकडा. हॉटेलात काय घ्यायचं ते वेटरला तुम्ही सांगा. गॅसवाल्याला, केबलवाल्याला, मुलाच्या वसतिगृहाच्या रेक्टरना फोन तुम्ही लावा. पहिले आठ-दहा दिवस ते शेजारून सूचना करतील. करू द्या, फोन मात्र सोडू नका.

फोनवरून आठवलं. ‘आई, तुला नाही कळणार, दे इकडे’, हे वाक्य ऐकून किती बायका गप्प बसल्या असतील! मुलांना घाई असते, एवढंच त्याचं कारण. माझ्या गटात नियम आहे की शिकवणाऱ्यानं फोनला हात लावायचा नाही. तोंडी सांगायचं, बाईनं स्वतः दाबायचं आणि प्रत्येक पायरी आपल्या मराठीत वहीत लिहायची. एका बाईंच्या वहीत लिहिलं आहे : ‘निळ्या चौकोनावर बोट. मग नाव दिसतं. नाव नीट वाचायचं. मगच आकडा.’ त्या आज भाजीवाल्याचे पैसे फोनवरून देतात आणि सुनेला फसव्या मेसेजबद्दल सावध करतात.

‘या वयात डोक्यात शिरत नाही’ या समजुतीबद्दल एक भक्कम गोष्ट सांगते. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरात वॉर्नर शाय या मानसशास्त्रज्ञानं १९५६ साली एक अभ्यास सुरू केला आणि माणसांच्या बुद्धीची दर सात वर्षांनी चाचणी घेत तो कित्येक दशकं चालवला. त्यात दिसलं की पटकन बघून पटकन ओळखण्याचा वेग तरुणपणानंतर कमी होत जातो, पण शब्दांवरची पकड, ऐकलेलं शब्दरूपात लक्षात ठेवणं, तर्कानं निष्कर्ष काढणं हे मध्यमवयात शिखरावर असतं. मुलगा तुमच्याहून भराभर बटणं दाबेल. पण एखाद्या माणसाच्या बोलण्यातली खोच, घरातल्या भांडणाचं मूळ, उसनवारी कुठं बुडणार याचा अंदाज तुम्हाला त्याच्या कितीतरी आधी येईल. शिकताना फक्त जास्त वेळा गिरवावं लागतं. शिकायचंच असेल तर तुमचं बी. ए. झालेलं आहे, एम. ए.ला शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९पासून याच कामासाठी आहे, एसएनडीटी महिला विद्यापीठ आहे. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ साली आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी-सत्तरीच्या, त्याहूनही मोठ्या आज्या गुलाबी साडी नेसून पाटी-दप्तर घेऊन जाताना मी छायाचित्रांत पाहिल्या, तेव्हा मला हुंदका आला होता.

स्वभाव बदलतो का, हे तुम्ही विचारलंत. मुळातला अबोलपणा फारसा बदलत नाही, आणि तो बदलायचं कारणही नाही. मोजकं बोलणारी बाई मोजकंच, पण ठाम बोलायला शिकते. रमाबाई रानड्यांचं बघा. १९०१ साली त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे गेले तेव्हा त्या चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. लग्नानंतर त्या लिहायला-वाचायला शिकल्या, त्यावरून घरातल्याच बायकांची किती बोलणी खावी लागली हे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. वैधव्यानंतर काही काळ त्या घराबाहेर फारशा पडल्या नाहीत. पुढे मात्र बायकांचं संघटन, तुरुंगातल्या स्त्री-कैद्यांच्या भेटी, १९०९पासून पुण्याची सेवासदन हे सगळं उभं राहिलं ते त्यांच्या चाळिशी ते साठीच्या काळात. स्वभावाची मऊ, मर्यादशील बाई म्हणूनच लोक त्यांना ओळखत.

माझा एकच आग्रह आहे : आठवड्यातून दोन तास अशा एका जागी घालवा जिथे तुम्ही कुणाच्या काकू, वहिनी किंवा आई म्हणून गेलेल्या नसाल. भिशी आणि भजनी मंडळ यांना माझी अजिबात ना नाही. त्या जागांनी अनेक बायकांना तगवलं आहे. पण तिथे ओळख बहुधा घरावरून असते. वाचनालय, गाण्याचा वर्ग, झाडांची आवड असलेली मंडळी, शाळेत मुलांना वाचून दाखवणं, काहीही. आणि महिन्यातून एकदा एकटीनं एसटीनं कुठंतरी जाऊन या. मार्च २०२३पासून बायकांना तिकीट निम्मं आहे. कुठल्या गाडीनं जायचं, कुठं उतरायचं, भूक लागली तर काय खायचं हे सगळं एकटीनं ठरवायचं. गटातल्या बऱ्याच जणींनी पहिल्यांदा औदुंबर किंवा नरसोबाची वाडी निवडली, कारण देवाला जाते म्हटलं की घरातून कुणी अडवत नाही. चालेल, तेही चालेल. परत येताना खिडकीशी बसून जे सुचतं ते वहीत लिहा.

शिबिराचं म्हणाल तर चार-सहा महिन्यांनी जरूर बघा. तेव्हा आयोजकांना तीन गोष्टी विचारा. गटात किती जणी आहेत? पंचवीसच्या वर असतील तर तुमची बोलायची वेळ जेमतेम एकदा येईल. तीन दिवसांत मला किती वेळा उभं राहून बोलायला मिळेल? आणि शिबिर संपल्यावर पुन्हा भेटायची सोय आहे का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर मी तरी पैसे भरणार नाही.

सोसायटीची पुढची सभा केव्हा आहे ते आजच विचारून घ्या. एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीन वाक्यं मोठ्या अक्षरात लिहा : टाकी मागच्या वेळी कधी धुतली, त्याला किती खर्च आला, पुढची तारीख कोणती ठरवायची. पंख्याखालची खुर्ची धरा, सुती साडी नेसा, पाण्याची बाटली जवळ ठेवा. विषय निघाला की उभ्या राहा आणि आधी नाव आणि फ्लॅट क्रमांक सांगा. वाफ आली तर घोटभर पाणी प्या, पदरानं मान पुसा आणि कागदावरचं पुढचं वाक्य वाचा.